रक्तवाहिनीची तातडीची शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडाचे रक्षण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, मुरबाडातून माळशेज घाटाचा रस्ता. अपघातात मांडीची धमनी तुटलेला मनुष्य प्रथम आपल्याच हाती येतो. ती सांधण्याची शस्त्रक्रिया मात्र बहुधा ठाण्या-मुंबईस व्हावयाची. मधल्या काळात पायाची चिंता सर्वांस असते, मूत्रपिंडांची कोणासच नसते. म्हणून त्यांच्याविषयीच बोलतो.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. रक्तस्राव झाला की शरीर मेंदू व हृदय राखते आणि मूत्रपिंडांचा वाटा तोडते. हा पहिला घाला. दुसरा अधिक फसवा आहे. पाय सुमारे सहा तास रक्तावाचून राहिला की स्नायू मरू लागतात. शस्त्रवैद्याने धमनी सांधून प्रवाह सुरू केला की त्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे रंगद्रव्य रक्तात उतरते, मूत्र चहासारखे काळसर होते, मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिका तुंबतात. लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्र कोंडून दगावली, तेव्हा १९४१ साली बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी हा प्रकार वैद्यकजगतापुढे मांडला.

यावर रामबाण औषध नाही. डोपामाइनची अल्प मात्रा मूत्रपिंडे राखते, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. मूत्रपिंडे खालावू लागलेल्या ३२८ अत्यवस्थ रुग्णांवरील चाचणीने २००० साली ती फोल ठरविली. उरले ते साधेच: रक्तदाब टिकविणे, सलाईन बेताने देणे, तासातासाचे मूत्र मोजणे. साठ किलो वजनाच्या मनुष्यास तासाला निदान तीस मिलिलिटर मूत्र व्हावयास हवे. मूत्रनळी घातली की आपली माणसे डॉक्टरांशी हुज्जत घालतात. ती नळी या मोजमापासाठीच असते, हे ध्यानी घ्यावे.

आता आपले काम. प्रथम १०८ ला फोन करावा. जखम घट्ट दाबून धरावी. रक्त थांबेचना आणि पट्टा आवळावाच लागला, तर ती वेळ लिहून ठेवावी व वाटेत तो सैल करू नये. वेदनेवर घरातील डायक्लोफेनॅकची गोळी कदापि देऊ नये. ती मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटविते. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास त्यांची चिठ्ठी, आणि क्रिएटिनिनचा जुना अहवाल असेल तर तोही, बरोबर न्यावा. नवा आकडा कशाशी ताडावयाचा, हे डॉक्टरांस त्यावरूनच कळते. हे कागद कपाटाच्या तळाशी न ठेवता शेजाऱ्यासही सापडतील अशा जागी, दाराआडच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवावेत.