गजाआडचे आरोग्य : निरोप कोणाच्या तोंडून?

(वसंत व्याख्यानमालेत अहिल्यानगर येथे दिलेले व्याख्यान)



1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून डांबले गेले, हे नगरकरांना सांगायला नको. नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ग्रंथाचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. त्यांची पत्नी कलकत्त्यात अंथरुणाला खिळली आणि 1943 च्या एप्रिलमध्ये वारली. शेवटची भेट झाली नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या अध्यक्षाची ही कथा. मग चोरीच्या आरोपावरून तालुक्याच्या कोठडीत पडलेल्या मजुराच्या घरी कोण आजारी आहे आणि त्याला स्वतःला कधीपासून खोकला आहे, याची चौकशी कोण करणार? आज मला याच माणसाविषयी बोलायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात मध्यवर्ती कारागृह नाही. तालुक्यांच्या गावी दुय्यम कारागृहे आहेत. मोठी शिक्षा झालेला माणूस येरवड्याला नाही तर नाशिक रोडला जातो. श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरला खुले कारागृह आहे, तिथे चांगल्या वर्तणुकीचे बंदी शेतीकाम करतात. देशातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा असतो. कोणी आठवड्यात जामिनावर सुटतो, कोणाची वर्षे तारखांत जातात. तेव्हा तुरुंग म्हणजे कायमची वेगळी वस्ती, हा समज सोडून द्या. तिथे शिरलेली बहुतेक माणसे आज ना उद्या आपल्याच एसटीत आपल्या शेजारी बसणार आहेत.

रोगही त्यांच्याबरोबर आत जातो आणि बाहेर येतो. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. दाटीच्या, कोंदट बराकीत एकजण खोकत असेल, तर रात्रभर सगळे तीच हवा घेतात. एचआयव्हीचे म्हणाल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीत बंद्यांमधले प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास आढळले. देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते 0.2 टक्के आहे. दहापट. आणि कोरोनाच्या वेळी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात 2020 च्या मे महिन्यात शंभरावर माणसे बाधित निघाली, हे आपण वाचलेच आहे.

यावर सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. तपासणी आहे, औषध फुकट आहे, 2018 पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. आधी 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. अडते कुठे? अडते ते विश्वासापाशी. बराकीत पांढऱ्या डगल्यातला माणूस येऊन विचारतो, 'कोणाला खोकला आहे का?' सगळे गप्प. कारण हात वर केला की वेगळे ठेवतील, मुलाकात बंद होईल, सोबतचे ताट बाजूला सरकवतील. तोच प्रश्न शेजारच्या पथारीवरच्या माणसाने रात्री विचारला, तर खरे उत्तर मिळते.

हे सूत्र आपल्याच जिल्ह्याने जगाला शिकवले. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्या भागात हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्याच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग, पिण्याचे पाणी, सगळ्यात त्यांनी हात घातला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरचे ऐकून न ऐकल्यासारखे करणारी सासू या बायांचे ऐके, कारण त्या तिच्याच विहिरीवर पाणी भरत होत्या. नगर शहरात 1989 पासून 'स्नेहालय' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम केले, तेही त्या स्त्रियांना बरोबर घेऊनच. तुरुंगाच्या बाबतीत मात्र आपण ही शिकवण वापरायला कचरलो.

बाहेरच्या जगाने ती वापरली. अमेरिकेत बाल्टिमोरला कार्ल लॅटकिन यांच्या गटाने अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या माणसांनाच प्रशिक्षण दिले आणि आपापल्या ओळखीपाळखीत एचआयव्हीपासून बचावाच्या गोष्टी सांगायला लावल्या. दुसऱ्याला सांगता सांगता सांगणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीही सुधारल्या. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या व्हीटफील्ड तुरुंगात 2009 मध्ये बंद्यांनाच रेडक्रॉसचे स्वयंसेवक केले. पुढे हा उपक्रम त्या देशातल्या सगळ्या तुरुंगांत गेला.

आता कोणी विचारील, गुन्हेगारांच्या टोळक्यावर आरोग्य सोपवायचे का? शंका रास्त आहे. बराकीत 'भाई' असतो. त्याच्या हाती गोळ्यांचा डबा गेला, तर गोळीचाही बाजार होईल. म्हणून निवड करताना अधिकाऱ्याच्या मर्जीतला माणूस नको आणि दादाही नको. बंद्यांना एकेकट्याने विचारावे, 'बरे वाटत नसले की तू कोणाशी बोलतोस?' जी नावे पुन्हा पुन्हा येतील, ती आपली माणसे. आणि त्यांचे काम रुग्णाला तपासणीच्या दारापर्यंत आणून सोडण्याचे. तपासणीचा निकाल समुपदेशक आणि रुग्ण यांच्यातच राहिला पाहिजे. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक करतो, आणि तुरुंगाच्या दारात तो कायदा थांबत नाही.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. दुय्यम कारागृहातली माणसे सतत बदलतात. आज शिकवलेला उद्या जामिनावर जातो. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि सुटका होते ती अचानक, संध्याकाळी, गोळ्या हातात नसताना. उपचार असा मध्येच तुटला की औषधाला न जुमानणारा क्षय तयार होण्याचा धोका. इथे आतले जाळे पुरत नाही, बाहेरचे लागते. ते कुठे सापडते? मुलाकातीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकोत आणि आईत. कोर्टाच्या आवारात तारखेला जमणाऱ्या माणसांत. वकिलाच्या कारकुनात. पूर्वी आत राहून आलेल्या आणि आता कामधंद्याला लागलेल्या माणसात. गावच्या आशाताईला सुटून आलेल्याची खबर यांच्याचकडून वेळेत मिळेल.

जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांचा उल्लेख मुद्दाम करतो. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेला हा समाज 1952 मध्ये कागदावर मुक्त झाला, संशयातून अजून झाला नाही. जिथे सरकारी गाडी दिसली की माणसे रानात पांगतात, तिथे आरोग्याचा निरोप वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीने नेला तरच पोचेल.

यासाठी नवा कायदा नको. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत दीर्घ शिक्षेचे, चांगल्या वर्तणुकीचे बंदी विधी स्वयंसेवक होऊ शकतात. कायद्याचा सल्ला बंदी देऊ शकतो, तर खोकल्याची चौकशी का करू शकत नाही? जिल्हा क्षयरोग अधिकारी, विधी सेवा प्राधिकरण, दुय्यम कारागृहांची जबाबदारी असलेले तहसीलदार आणि पोलीस यांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. विसापूरपासून आरोग्य स्वयंसेवकांचे प्रशिक्षण सुरू करावे. सुटणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती महिन्याची औषधे आणि गावच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यावी. आत राहून आलेल्यांपैकी निवडक माणसांना मानधनावर कोर्टाच्या आवारात आणि मुलाकातीच्या दाराशी नेमावे. फुकटची सेवा त्यांच्याकडून मागू नये. पोट त्यांनाही आहे.

आणि श्रोतेहो, एक काम तुमचेही आहे. सुटून आलेला माणूस गावात परतला की आपण त्याच्याशी बोलणे टाकतो. त्या अबोल्यात त्याचे औषधही सुटते. त्याच्या गुन्ह्याचा न्याय न्यायालय करील. तुम्ही त्याला एवढेच विचारा, गोळ्या चालू आहेत ना?