मुलाच्या हाती पुस्तक देताना



बालपणीचे वाचन माणूस घडवते, असे आपण नेहमी म्हणतो. ते कसे घडवते, हे पाहायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आठवावे. वडील रामजी सुभेदार मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. पुढे परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून मुलाने वडिलांना थेट विचारले, शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखणारे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकींचे दाखले दिले, पण मुलाचे समाधान झाले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकिगत नोंदवली आहे. त्या मुलाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

यावर कोणी म्हणेल, तेच चरित्र इतरांनीही वाचले, ते सगळे कुठे आंबेडकर झाले? आक्षेप रास्त आहे. अस्पृश्यतेचे चटके त्या मुलाने आधीच सोसले होते. पुस्तकाने त्या दुःखाला विचाराची दिशा दिली. मुलाच्या जगण्याशी गाठ पडते तेव्हाच पुस्तक काम करते, आणि कोणते पुस्तक कोणाच्या जगण्याला भिडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून केवळ ‘संस्कारक्षम’ पुस्तके निवडून देणे पुरेसे नाही. रामजींनी ज्या हेतूने ग्रंथ वाचायला लावले, त्याहून निराळेच त्यातून निघाले. दुसरा आक्षेप बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणाचा. त्यांना अक्षरओळख नव्हती, तरी त्या थोर कवयित्री झाल्या. खरे आहे, पण ओव्या, कीर्तने आणि लोककथा त्यांच्या कानावर होत्या. आज बहुतेक घरांतले जाते थांबले आहे. भाषेची ती शिदोरी मुलाला आता मोठ्यांनी वाचून दाखवलेल्या आणि त्याने स्वतः वाचलेल्या पुस्तकांतूनच मिळणार.

तेव्हा ग्रंथपालांना विनंती, कपाटांची कुलपे काढा आणि मुलांना पुस्तके हाताळू द्या. पालकांना विनंती, वाचून मूल अडचणीचा प्रश्न विचारेल तेव्हा त्याच्याशी बोला. त्याला गप्प बसवू नका. या बालसाहित्य संमेलनातून प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेले एक तरी पुस्तक घरी न्यावे, अशी इच्छा व्यक्त करतो.