कुलुपे कोणासाठी?



वर्धापनदिनी आम्हाला घटनेवर बोलायला सांगितले आहे. घटना म्हटली की आपण हार घालतो, प्रास्ताविका वाचतो आणि घरी जातो. आज आम्ही हाराबद्दल नव्हे, कुलुपांबद्दल बोलणार आहोत. घटनेत जी कुलुपे आहेत ती चोरासाठी नाहीत, घरच्या कारभाऱ्यासाठी आहेत.

तोंडवली-तळाशीलला एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी. बंधारा उधाणाच्या आधी घालावा लागतो, हे इथे कोणाला शिकवायला नको.

एकहाती सत्ता म्हणजे काय ते कोकणाला पुस्तकातून कळलेले नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्यातच होता) खोतीच्या गावी सारा वसूल करणारा खोत, जमिनीचा धनीही खोत, आणि वेठ त्याच्याच घरी. दाद मागायची कोणाकडे? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. एखादा खोत मनाने चांगलाही असेल, पण तो चांगला राहील की नाही हे कुळाच्या हाती नव्हते. दुखणे तिथे होते.

तेच दुखणे देशाला होऊ नये म्हणून घटनेने सत्ता वाटून दिली. कायदा करणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, हिशेब तपासणारा वेगळा, निवडणूक घेणारा वेगळा. मूलभूत हक्क साध्या बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवले. ते डावलले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे म्हणून कलम ३२ दिले. बाबासाहेबांना ते घटनेचा प्राण वाटे. कारण राजकीय बहुमत मत बदलले की बदलते, जातीचे बहुमत मात्र जन्माने ठरते. ते फिरत नाही. असा गट सत्तेवर बसला तर त्याला निवडणुकीचा धाक कसला?

आता तुम्ही म्हणाल, कुलुपे होती तर १९७५ साली आणीबाणी आली कशी? प्रश्न रास्त आहे. २५ जूनच्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींची सही झाली, मंत्रिमंडळाला सकाळी कळले. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते बंगलोरला पकडले गेले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्या. खन्ना तेवढे वेगळे राहिले. जर्मनीत १९३३ साली आणीबाणीच्या कलमाचाच जिना करून हुकूमशहा वर चढला होता. कामथांनी तो दाखला १९४९ मध्ये घटना समितीत दिलाही होता.

पण बंधाऱ्याचा दगड घसरला म्हणून बंधारा टाकून देत नाहीत. १९७७ साली लोकांनी मतदान केले, दंडवते पुन्हा निवडून आले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दगड पुन्हा बसवले. आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण चालत नाही, सशस्त्र बंड लागते. महिन्याच्या आत संसदेची मान्यता, तीही दोन-तृतीयांश मतांनी. आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होत नाही.

आता थोडे घरचे. गटबाजीवर बोलायचे आणि आपल्याला वगळायचे, हे बरे दिसणार नाही. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला. त्याचे गट मोजायला आज एका हाताची बोटे पुरत नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बजावले होते. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाचे नियम सांगितले: ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मते कशी मोजायची. संघातही भांडणे झालीच. कोसंबीला शौचकूपातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून दोन तट पडले, भगवंतांचेही ऐकेनात, तेव्हा ते रानात निघून गेले. मग उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे बंद केले. तट मिटला.

म्हणून समितीला आमची एक सूचना आहे. यंदाचा जमाखर्च पदाधिकाऱ्यांच्या नातलगाकडून नको, बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि फळ्यावर लावावा. अध्यक्षांनी ती आजच्या सभेत मताला टाकावी.

नमो बुद्धाय. जयभीम.