सिस्टर आणि मावशी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि त्यानंतर लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सासूबाईंबरोबर इतके दिवस इस्पितळात राहिलात, तिथले काहीतरी सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

2022 सालच्या श्रावणात माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वय 74. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या इस्पितळात त्यांना ठेवले. नाव सांगत नाही, कारण दोष द्यायला मी उभी नाही. तिथे मी 26 दिवस राहिले, पलंगाखाली चटई टाकून. ऋषिपंचमीला आम्ही घरी आलो. घरचा गणपती त्या वर्षी जाऊबाईंनी बसवला.

डॉक्टर दिवसातून एकदोनदा येत आणि पलंगाशी पाच मिनिटे उभे राहत. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र रोगी असतो तो सिस्टर आणि मावशी या दोघींच्या हाती. नात्याने पाहिले तर सिस्टर म्हणजे बहीण आणि मावशी म्हणजे आईची बहीण. तेव्हा मान मावशीचा मोठा हवा. वॉर्डात ते उलटे असते. आमच्या सिस्टर सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि मावशी पंचावन्नच्या पुढच्या.

सिस्टरांचे शिक्षण तीन वर्षांचे. त्यांचे नाव परिषदेच्या पुस्तकात नोंदलेले असते. इंजेक्शन, सलाईन, नाकातल्या नळीतून अन्न, औषधांच्या वेळा, किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली याची नोंद, हे सगळे त्यांचे. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची सही. काही चुकले तर विचारणा त्यांना. वॉर्डात 40 खाटा आणि दिवसा सिस्टर दोन. त्यांना बसलेले मी फारसे पाहिले नाही. बसल्या तरी समोर रजिस्टर असे.

मावशींना असले शिक्षण कोणी दिले नव्हते. ठेकेदाराकडून लागलेल्या, पगार थोडा आणि तोही उशिरा. भांडे देणे, अंग पुसणे, चादर बदलणे, कूस वळवणे, घाण काढणे, रक्ताची बाटली तपासणीला नेणे, ही त्यांची कामे. पण चौदा वर्षे तेच केल्यावर हाताला कळू लागते. सासूबाईंना बोलता येत नव्हते. त्यांना पोटात दुखते आहे हे मावशींनी कपाळावरच्या आठीवरून ओळखले. मी तर त्यांची वीस वर्षांची सून, मला कळले नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

नवव्या दिवशी दुपारची नळीतून द्यायची पेज उशिरा झाली. एका पलंगावर रोगी अत्यवस्थ होता, दोन्ही सिस्टर तिकडे. मला वाटले, आमच्या बाई उपाशी आहेत. मावशी तिथूनच जात होत्या. मी म्हटले, "मावशी, तेवढी पेज तुम्हीच ओता ना, तुम्हाला तर रोजचे माहीत आहे." त्या म्हणाल्या, "ताई, ते माझं काम नाही. सिस्टर रागावतील." मी त्यांच्या हातात पन्नासाची नोट ठेवली. तसे मी आधीही दोनदा केले होते, चादर लवकर बदलावी म्हणून. आपल्याला वाटते, गरीब बाई आहे, चहापाण्याला दिले तर काय झाले? आपण देतो ते दान म्हणून देत नाही, आपला नंबर आधी लागावा म्हणून देतो, हे मनात कबूल करायला मला पुष्कळ दिवस लागले.

मावशींनी पेज ओतायला घेतली आणि सिस्टर आल्या. मग जे झाले ते सगळ्या वॉर्डाने ऐकले. "तुला किती वेळा सांगितलं नळीला हात लावायचा नाही म्हणून? उद्या छातीत गेलं तर जबाबदार कोण, तू का मी?" रोज 'मावशी, तुम्ही' म्हणणाऱ्या त्या मुली एकदम एकेरीवर आल्या. मावशी खाली मान घालून उभ्या. आणि मी? मी चादरीची घडी सारखी करत राहिले. "मी सांगितले म्हणून त्यांनी केले, पैसेही मीच दिले," एवढी दोन वाक्ये तोंडातून निघाली नाहीत.

सिस्टरांचे म्हणणे खरे होते, हे मला मागून कळले. नळी पोटातून सरकून वर आलेली असू शकते. म्हणून अन्न देण्याआधी पिचकारीने ओढून ती जागेवर आहे का पाहतात, पलंगाची डोक्याची बाजू उंच करतात, आणि अन्न दिल्यावरही काही वेळ रोग्याला आडवे होऊ देत नाहीत. हे न पाहता ओतले आणि ते फुप्फुसात गेले तर माणूस दगावतो. म्हणजे मी मायेपोटी माझ्या सासूच्या जिवावर उठले होते. पण सिस्टरांनी हे कारण त्या वेळी मावशींना सांगितले नाही. नुसते रागावल्या. कारण सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे त्यांच्यापाशी नव्हती.

त्या दिवसापासून मावशी सांगितले तेवढेच करू लागल्या. आधी येता-जाता सासूबाईंची कूस वळवायच्या, वॉर्डातल्या मामांना हाक मारून उचलून वर घ्यायच्या. कूस दर दोन तासांनी बदलायची हे कागदावर लिहिलेलेच होते, पण आधी ते कागदाशिवाय होत असे. आता कोणी म्हणेपर्यंत त्या येत नसत. मी एकटीने जमेल तसे ओढत होते.

अकराव्या दिवशी सकाळी अंग पुसताना मावशी थबकल्या. कमरेखाली, माकडहाडावर, रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी बोटाने दाबून पाहिला. बोट काढल्यावर कातडी पांढरी पडून पुन्हा लाल व्हावी, तशी ती झाली नाही. लालच राहिली. मला म्हणाल्या, "ताई, ही पाठ धरतेय. सिस्टरांना सांगा." मी म्हटले, "तुम्हीच सांगा ना, तुम्हाला नीट सांगता येईल." त्यांनी मान हलवली आणि बादली उचलून गेल्या. त्यांना सिस्टरांपुढे जायचे नव्हते आणि मलाही नव्हते, कारण तिकडे गेले की नळीचा विषय निघेल असे मला वाटे. तीन दिवस तो डाग आम्हा दोघींना ठाऊक होता आणि सिस्टरांना नव्हता.

दुपारी दोन वाजता पाळी बदलते. जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्या सिस्टरांना एकेका पलंगाशी उभे राहून सगळे सांगतात. त्याला तिथे 'ओव्हर देणे' म्हणतात. अमक्याला ताप, तमक्याचे सलाईन चालू, ह्याला उद्या उपाशी ठेवायचे. फार चांगली रीत आहे. पण त्यात मावशी नसत. एक मावशी दुसऱ्या मावशीला जिन्याखालच्या नळापाशी सांगत असे. म्हणजे वॉर्डात दोन ओव्हर होत, आणि एकीतले दुसरीत जात नसे. ज्यांनी पाठ रोज पाहिली त्यांना कोणी विचारत नव्हते, आणि ज्या रजिस्टरात लिहीत होत्या त्या पाठ रोज पाहत नव्हत्या.

आपण नावे ठेवायला नकोत. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला भांडी घासायला येणाऱ्या बाई कुठे बसतात आणि त्यांना पान केव्हा मिळते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आणि थोडे मागे जाऊन पाहिले तर परिचारिकेचे काम तरी आपल्या लोकांना कुठे मानाचे वाटत होते? रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू केले आणि विधवा व गरजू बायकांना रुग्णसेवेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली, तेव्हा चांगल्या घरच्या बाईने परक्याचे मलमूत्र काढायचे का, म्हणून लोक नाके मुरडत. आज आपल्या ओळखीतल्या मुली नर्सिंगला जातात आणि आपण अभिमानाने सांगतो. ते नाक मुरडणे मात्र संपले नाही. ते एक पायरी खाली उतरून मावशीपाशी गेले, एवढेच.

चौदाव्या रात्री रात्रपाळीच्या सिस्टरांनी कूस वळवली तेव्हा कातडी फुटलेली होती. त्यांनी बॅटरी धरून पाहिले आणि विचारले, "हे लाल कधी झालं?" मी काहीच बोलले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मग मला रडू आले आणि मी सगळे सांगितले. पेज, पन्नासाची नोट, तीन दिवस, सगळे.

त्या रागावल्या नाहीत. तारीख विचारून लिहून घेतले, जखम धुतली, डॉक्टरांना कळवले. सकाळी हवेची गादी आली. माझ्या मनाला हलके वाटले, पण त्याचा एक परिणाम मी ध्यानात घेतला नव्हता. दिवसाच्या सिस्टरांकडून लेखी खुलासा मागण्यात आला. 40 रोग्यांमागे धावणारी ती मुलगी. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला दिसत होती, आणि तरी सही तिचीच होती.

दुपारी त्या आमच्या पलंगाशी आल्या. मावशी तिथेच होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नळीचं मी बोलले ते बोलले. पण पाठीचं मला सांगायचं होतं."

मावशी म्हणाल्या, "सांगायला तुम्ही थांबता कुठं?"

सिस्टर गप्प राहिल्या. मी म्हटले, "सिस्टर, पेज ओतायला मी लावले होते." त्या म्हणाल्या, "कळलं मला." आणि गेल्या. मला वाटले, आता काही खरे नाही.

पण दोनला ओव्हर सुरू झाली तेव्हा आमच्या पलंगाशी आल्यावर त्यांनी हाक मारली, "मावशी, या इकडे. आजींचं तुम्ही सांगा." मावशी पदराला हात पुसत आल्या. जखम केवढी, पाणी सुटते का, डावीकडे किती वेळ ठेवले, सगळे त्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी अडखळत. पुढे त्याच पुढे होऊन सांगू लागल्या की त्या कोपऱ्यातल्या काकूंच्या टाचाही बघा. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. चहा सिस्टर खोलीत घेत आणि मावशी जिन्यात, ते तसेच राहिले. कामावरून एकदोनदा चकमकही झाली. पण बोलणे होऊ लागले.

मावशी एकदा लाल झालेल्या टाचेवर पावडर चोळायला निघाल्या, तेव्हा सिस्टरांनी हात धरला आणि या वेळी कारणही सांगितले. लाल झालेली जागा चोळायची नसते, आतले मांस आणखी दुखावते. पूर्वी चोळत असत, आता तसे करत नाहीत. मावशी म्हणाल्या, "हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं."

घरी जायच्या दिवशी सिस्टरांनी मला औषधे समजावली आणि कूस वळवण्याचे म्हणाल्या, "ते मावशी दाखवतील, त्यांच्यासारखं मला येत नाही." मावशींनी मला खांदा आणि कंबर कशी धरायची, दोन पायांमध्ये उशी कुठे ठेवायची, टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत, हे चारदा करून घेतले. निघताना मी नोट काढली होती, ती पुन्हा पिशवीत ठेवली. दिवाळीला फराळाचे डबे पाठवले, वॉर्डात सगळ्यांना म्हणून, दोघींची नावे घालून.

घरी मी दर दोन तासांनी गजर लावत असे. रात्री दोनचा गजर ह्यांनी घेतला. जखम भरायला कार्तिक उजाडला. सासूबाई त्यानंतर वर्षभर होत्या. पाठीवरचा डाग शेवटपर्यंत राहिला. अंग पुसताना तो मला रोज दिसत असे.