रात्री दहानंतरचं रक्त

वैशाखातल्या वर्धेत पंख्याच्या गरम वाऱ्याखाली का होईना, पण विज्ञान ऐकायला येऊन बसलेल्या श्रोतेहो,

संयोजकांनी मला ‘विदर्भातलं वैज्ञानिक संशोधन’ असा विषय सुचवला होता. एवढ्या विषयाला एक संध्याकाळ पुरायची नाही. म्हणून मी त्यातला एक जंत उचलला आणि एक प्रयोगशाळा. जंताचं नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. हत्तीपाय होतो तो याच्यामुळे. प्रयोगशाळा इथून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे, सेवाग्रामला. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी तिथे आपली कारकीर्द या जंतामागे घालवली.

आधी जंताची ओळख करून घेऊ. त्याची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक. नर तिच्या निम्म्याहून लहान. ही जोडपी आपल्या लसिकावाहिन्यांत घर करतात आणि वर्षानुवर्षं तिथेच नांदतात. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते, लाखोंनी. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. एकेकाची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास. दिवसभर ती फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास हातापायांच्या रक्तात येतात. त्याच वेळी क्युलेक्स डास चावत फिरत असतो. डासाच्या पोटात गेल्यावर दहा-बारा दिवसांत पिल्लू संसर्गक्षम अळी होतं आणि पुढच्या माणसाच्या शोधाला लागतं.

हे कोडं सुटायला दहाहून जास्त वर्षं लागली. १८६६ साली ब्राझीलमध्ये वुचेररला ही पिल्लं रुग्णाच्या लघवीत दिसली. १८७२ मध्ये टिमोथी लुइसने ती कलकत्त्यात माणसाच्या रक्तात पाहिली. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅन्क्रॉफ्टला प्रौढ जंत सापडला. पुढच्याच वर्षी चीनमधल्या अमॉयला पॅट्रिक मॅन्सनने डासाचा सहभाग दाखवला, आणि नंतर रक्तात उतरण्याची ती रात्रीची वेळही. त्यासाठी त्याने कुणाला डास चावू दिले? स्वतःच्या माळ्याला. माळ्याच्या रक्तात जंत होते आणि मॅन्सनला डास पाजायचे होते. हा माळी लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र तोच आहे, असं माझं मत आहे.

त्याचं कारण सांगतो. वुचेरेरिया हा फार खोडसाळ प्राणी आहे. उंदीर, ससा, गिनीपिग, कशातच तो जगत नाही. त्याला माणूसच लागतो. प्रयोगशाळेत पिंजरा मांडून त्याला पाळता येत नाही. त्याचा पिंजरा म्हणजे आपण. मग लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या, पैशाने भरलेल्या प्रयोगशाळेला या जंताचे रेणू तपासायचे असतील तर ते आणायचे कुठून? आपल्या हिंगणघाट, देवळी, सेलूच्या गावांकडे ते होते. वर्धा हा हत्तीरोगाचा जिल्हा. सांगायला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नव्हे, पण सेवाग्रामच्या विज्ञानाचा पाया तीच आहे.

संस्था सुरू झाली १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. डॉ. सुशीला नय्यर यांनी खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढलं तेव्हा लोकांना तो भाबडेपणा वाटला असणार. विद्यार्थ्यांच्या अंगावर खादी, शिक्षणाची सुरुवात आश्रमातल्या शिबिराने, मग प्रत्येक तुकडीला एक दत्तक गाव. अशा ठिकाणी जीवरसायनाचा विभाग उभा करणाऱ्या माणसासमोर दोन वाटा होत्या. पाठ्यपुस्तकातली विकरं शिकवत निवृत्तीपर्यंत जायचं, किंवा बाहेरच्या ओसरीवर बसलेल्या रुग्णाकडे बघायचं. हरिनाथांनी दुसरी वाट धरली.

त्या वेळी निदानाची पद्धत काय होती? रात्र चिकित्सालय. आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर गावात जायचे, झोपलेल्यांना उठवायचे, बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यायचे आणि सकाळी तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई मध्यरात्री बोट पुढे करेल का, हा प्रश्न हत्तीरोगाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आखणाऱ्यांना फारसा पडलेला दिसत नाही. हा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला.

त्यात आणखी एक पेच होता. ज्याचा पाय हत्तीसारखा सुजलाय त्याच्या रक्तात बहुधा पिल्लं सापडतच नाहीत. लसिकावाहिन्यांची नासधूस आधीच होऊन गेलेली असते. उलट ज्याच्या रक्तात ती वळवळतायत तो धडधाकट दिसतो, शेतावर जातो, लग्नात नाचतो. म्हणजे काचपट्टी आजाऱ्याला निरोगी ठरवायची, आणि ज्याच्याकडून रोग पसरतो तो तर स्वतःहून दवाखान्यात येणारच नाही.

सेवाग्रामचा प्रश्न असा होता: दिवसा, थोड्याशा रक्तात, साध्या साधनांनी जंताचा पत्ता लागेल का? उत्तर रेणूंमध्ये होतं. जिवंत जंत सतत काही ना काही सोडत असतो, प्रथिनं, विकरं, पचनाचा कचरा. घरात कुणी राहतंय का हे पाहायला दार ठोठवायलाच हवं असं नाही. मागच्या नालीत साबणाचं पाणी वाहतंय का, ते बघितलं तरी पुरतं. जंताच्या या सांडपाण्याला शास्त्रात उत्सर्जित-स्रवित प्रतिजन म्हणतात. हरिनाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रात्री वाहकांकडून रक्त घेतलं, गाळून पिल्लं वेगळी केली, पोषक द्रवात ती जिवंत ठेवली आणि तो द्रव गोळा केला. त्यात जंताने सोडलेले रेणू होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून सेवाग्रामहून यावर शोधनिबंध प्रसिद्ध होऊ लागले. त्या पहिल्या फळीतले पी. कालीराज पुढे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात गेले आणि हेच काम त्यांनी जनुकांच्या पातळीवर नेलं.

रेणू मिळाले, आता ते ओळखायचे कसे? एलायझा ही पद्धत १९७१ मध्ये युरोपात निघाली होती. प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाला, विकर जोडायचं; विकराने रंग बदलला की समजायचं, हवा तो रेणू इथे आहे. रूढ पद्धतीतली रसायनं महाग, बाहेरून मागवायची, आणि रंग मोजायला यंत्र. सेवाग्रामच्या मंडळींनी पेनिसिलिनेझ वापरलं. हे जिवाणूंचं विकर पेनिसिलिन फोडतं. फुटलेलं पेनिसिलिन आयोडीनला खाऊन टाकतं, आणि स्टार्च-आयोडीनचा गडद निळा रंग उडतो. निळं पाणी बिनरंगी झालं की चाचणी सकारात्मक. डोळ्यांनी दिसतं, यंत्र लागत नाही. स्टार्च आणि आयोडीनचा प्रयोग आपण सगळ्यांनी आठवीत बटाट्यावर केलाय. मला ही चाचणी फार आवडते, कारण ती कुठल्या इमारतीत जन्मली हे तिच्याकडे बघूनच कळतं.

आता एक बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हे व्याख्यान आरतीच व्हायचं. जगाने स्वीकारलेली चाचणी सेवाग्रामची नाही. प्रौढ जंताचा प्रतिजन दहा मिनिटांत दाखवणारं कार्ड, आणि पुढे त्याची पट्टी, अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या गॅरी वाइल यांच्या प्रतिपिंडावर उभी राहिली. कंपनी, कारखाना, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता, ही साखळी लागते आणि ती आपल्याकडे तुटक असते. पण रक्तातला फिरता प्रतिजन शोधा, प्रतिपिंडाच्या मागे लागू नका, हा विचार सेवाग्रामला लवकर झाला होता. फरक लहान वाटतो, पण आहे मोठा. शरीराने जंताविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड जंत मेल्यावरही रेंगाळतं. प्रतिजन सापडला तर समजावं, जंत बहुधा आत्ता जिवंत आहे.

याच चाचण्या हाताशी असल्यामुळे हरिनाथांनी ‘गुप्त फायलेरिया’चा पाठपुरावा केला. सांधा सुजलाय, जुना खोकला आहे, रक्तात पिल्लू एकही नाही, पण प्रतिजन आहे. अशा रुग्णांना डायएथिलकार्बामाझिन दिलं की बरं वाटतं. या औषधाची गंमत पाहा. १९४७ साली ते आलं अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून, आणि तिथलं संशोधन चालवत होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्याच आंध्रातले. म्हणजे या रोगाच्या औषधामागेही एक जीवरसायनवालाच आहे. शिवाय हे औषध परीक्षानळीत ठेवलेल्या पिल्लांना फारसं काही करत नाही. शरीरात मात्र काही तासांत त्यांचा फडशा पाडतं. ते आपल्या प्रतिकारशक्तीला हाताशी धरतं. नेमकं कसं, यावर एम. व्ही. आर. रेड्डी, कल्याण गोस्वामी आणि सेवाग्रामच्या पुढच्या पिढीने काम केलं. जंताची विकरं, त्याच्यावर होणारा ऑक्सिडीकरणाचा मारा, असे विषय त्यात आले. निर्गुडी आणि बेलाच्या अर्काचा पिल्लांवर काय परिणाम होतो, तेही नागपूरकरांच्या साथीने तपासून झालं. उद्या सकाळी निर्गुडीचा काढा करू नका. परीक्षानळीतला अर्क आणि पोटातला काढा यांच्यात बरंच अंतर असतं.

दरम्यान माणसाचा पिंजरा काही अंशी सुटला. वुचेरेरियाचा चुलतभाऊ ब्रुगिया मलायी केरळकडे आढळतो, आणि तो जर्ड नावाच्या, उंदरासारख्या मंगोलियन प्राण्यात वाढतो. सेवाग्रामच्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात तो वाढवला जाऊ लागला. २००७ साली ब्रुगियाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला: सुमारे साडेअकरा हजार जनुकं. त्याच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो आणि त्याच्याशिवाय जंताला पिल्लं होत नाहीत, म्हणून डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक जंताला वांझ करू शकतं. जंताच्या पोटातही भाडेकरू! बजाज केंद्रात जैवमाहितीशास्त्राचा विभाग आला, पडद्यावर जंताची प्रथिनं फिरू लागली.

तरी पहिला माल माणसांनीच दिला होता, रात्री उठून. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख ‘मायक्रोफायलेरिया वाहक’ एवढाच. मॅन्सनच्या माळ्याचं निदान नाव तरी उरलंय, हिन लो.

२००४ पासून देशभर सामुदायिक औषधोपचार मोहीम चालू आहे. आजारी असो नसो, बाधित जिल्ह्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा गोळ्या घ्यायच्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी वगळून. २०१९ च्या जानेवारीत शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा प्रयोग सुरू झाला. आशाताईंना विचारा, लोक काय करतात. गोळी हातात घेतात, ‘जेवल्यावर खातो’ म्हणतात आणि फडताळात ठेवून देतात. ज्याला गोळीनंतर ताप येतो, चक्कर येते, तो गावभर सांगतो की औषध वाईट. खरं तर ताप आला याचा अर्थ बहुधा त्याच्या रक्तात पिल्लं होती आणि ती मेली. गोळीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती.

काही वर्षं मोहीम झाली की सहा-सात वर्षांच्या मुलांचं रक्त तपासतात. शाळेत, दिवसाढवळ्या, एका पट्टीवर. मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या या मुलांत प्रतिजन जवळपास नसेल तर संक्रमण थांबलं असं मानतात. रोगी शोधायला निघालेली चाचणी आता रोग नाही हे सिद्ध करायला वापरतात. भारताने निर्मूलनासाठी २०२७ हे साल ठरवलंय. ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांना मात्र या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. त्यांना रोज साबणाने पाय धुणं, बोटांमधली जागा कोरडी ठेवणं, जखम चिघळू न देणं यानेच आराम पडतो. याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे, ती साधी आहे, पण पुरुष लाजेपोटी धोतराआड वर्षं काढतात.

आता प्रश्न विचारा. फवारणीचा प्रश्न येणारच, म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. धुराने उडते डास थोडे दिवस कमी होतात, नालीतल्या अळ्यांना त्याने काहीच होत नाही. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. तुमच्या संडासाच्या टाकीचा पाइप वर उघडा असेल तर घरी गेल्यावर त्याला जाळी बांधा.