रात्रीचा खेळ आणि लहान मूल

रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर चित्रगृहाच्या दारापाशीं क्षणभर उभें राहून पाहावें. तरुण मंडळी मोठमोठ्यानें बोलत पुढें निघून जातात. त्यांच्या मागून, अंमळ सावकाश, कुटुंबवत्सल लोक बाहेर पडतात. बापाच्या खांद्यावर मूल असतें, त्याची मान लुळी पडलेली असते, एका पायांतील चप्पल आईच्या हातांत असते आणि दुसरी बहुधा आंत खुर्चीखालींच राहिलेली असते. पालघर असो वा बोईसर असो, दृश्य सारखेंच. तें पाहून शेजारून जाणारा एखादा गृहस्थ म्हणतो, "एवढ्या लहान पोरांना रात्रीं आंत सोडतातच कशाला?" प्रश्न सरळ दिसतो, पण त्याचें उत्तर देऊं गेलें म्हणजे त्याचे अनेक फांटे दिसूं लागतात.

हाच प्रश्न थोड्या वर्षांपूर्वीं एका उच्च न्यायालयापुढें आला होता. ४ डिसेंबर २०२४ रोजीं हैदराबादेंतील संध्या चित्रगृहांत 'पुष्पा २' या बोलपटाच्या आदल्या रात्रींच्या खास खेळास गर्दी लोटली, चेंगराचेंगरी झाली, तींत एक स्त्री मरण पावली व तिचा लहान मुलगा अत्यवस्थ झाला. पुढें जानेवारी २०२५ मध्यें, तिकिटांचे वाढीव दर आणि अवेळीं होणारे खास खेळ यांविषयींच्या अर्जांची सुनावणी चालू असतां, तेलंगणाच्या उच्च न्यायालयानें सोळा वर्षांखालील मुलांना सकाळीं अकरापूर्वीं व रात्रीं अकरानंतर चित्रगृहांत प्रवेश देऊं नये असा अंतरिम आदेश दिला. चित्रगृहांच्या चालकांनीं त्यास हरकत घेतली, आणि कांहीं आठवड्यांतच तो निर्बंध मागें घेण्यांत आला.

त्या प्रकरणांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. जीव गेला तो गर्दीची व्यवस्था नव्हती म्हणून. भर दुपारीं तशी गर्दी लोटती तरीहि अनर्थ टळला नसता. मुलाच्या झोंपेचा आणि कानांचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि दंगा न होतां सुरळीत पार पडणाऱ्या रोजच्या खेळांतहि तो तसाच उभा राहतो. त्याच बोलपटाचा हिशेब करून पाहावा. त्याची लांबी २०० मिनिटांची. रात्रीं साडेनऊला आरंभ झाला तर संपावयास एकास दहा मिनिटें कमी; मध्यंतर धरलें तर एक वाजून जातो. मग घर.

कायदा याविषयीं काय म्हणतो? १९५२ च्या चलच्चित्रविषयक कायद्याप्रमाणें प्रत्येक बोलपटास दाखला घ्यावा लागतो. 'ए' दाखल्याचा बोलपट अठरा वर्षांखालील कोणासहि दाखवितां येत नाहीं. तो दाखविणें गुन्हा आहे. 'यूए' नांवाच्या मधल्या वर्गाचे २०२३ च्या दुरुस्तीनें सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन पोटवर्ग केले. मात्र ही खूण केवळ आईबापांच्या मार्गदर्शनासाठीं असून इतर कोणीं ती बळानें अमलांत आणावयाची नाहीं, असेंहि त्याच कायद्यानें सांगितलें. म्हणजे सोळा वर्षांवरील म्हणून ठरविलेल्या चित्राला चार वर्षांचें पोर कडेवर घेऊन कोणी आला तर दाखल्याच्या आधारें द्वारपालास त्याला परतवितां यावयाचें नाहीं. आणि दाखला बोलतो तो चित्रांतील मजकुराविषयीं. घड्याळाविषयीं तो मुका आहे. निरागस बालचित्रसुद्धां रात्रीं एक वाजतां संपलें तर तें मुलासाठीं उशिराचेंच ठरतें.

चित्रगृहाच्या मालकाला आपल्या आवारापुरते नियम करण्याचा हक्क आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें ३ जानेवारी २०२३ च्या निकालांत मान्य केलें. तेथें वाद होता बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेण्याचा. मालकाची बाजू उचलून धरतांनाहि तान्ह्या मुलासाठीं आईबापांनीं आणलेलें वाजवी अन्न आंत येऊं द्यावें, ही गोष्ट न्यायालयानें आवर्जून नमूद केली. तान्हें मूल चित्रगृहांत येणारच, हें तेथें गृहीत धरलेलें दिसतें.

मूल रात्रीं जागविणें ही आपल्याकडे नवी चाल नव्हे, असें कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. कीर्तनांत आईच्या मांडीवर मुलें झोंपतच आलीं. याच जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. संबळाच्या तालावर देवदानवांचीं सोंगें रात्रभर नाचतात, आणि सारें गांव पोराबाळांसकट तेथें जमलेलें असतें. राक्षसाचा मुखवटा पाहून तेथेंहि मूल घाबरतें. पण तें घाबरलें कीं आई त्याला उचलून चार पावलें दूर नेते; वर आभाळ मोकळें असतें, जाण्यायेण्यास आडकाठी नसते. आणि दुसऱ्या दिवशीं तोच राक्षस मुखवटा उतरवून बैल घेऊन शेताकडे जातांना मुलाच्या दृष्टीस पडतो. पडद्यावरील राक्षस दुसऱ्या दिवशीं असा भेटत नाहीं. बंद दालन, दाट काळोख, चहूंकडून अंगावर येणारा ध्वनि, आणि बाहेर पडावयाचें तर दहा जणांचे गुडघे ओलांडावयाचे! यामुळें जुन्या रात्रजागरणाचा दाखला येथें पुरता लागू पडत नाहीं.

ध्वनीच्या बाबतींत तर मौज आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली. पण बंदिस्त सभागृहाच्या आंतल्या आंत वाजणारा ध्वनिक्षेपक त्यांतून वगळला आहे. रस्त्यापलीकडे झोंपलेल्या मुलाचे कान नियमानें राखले. आंत बसलेल्या मुलाचे आईबापांवर सोंपविले.

झोंपेचें गणित तर कोणालाहि करतां येईल. तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोंप लागते, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें आहे. महाराष्ट्र शासनानेंहि ही गोष्ट मनावर घेतली. मुलांची झोंप पुरी होत नाहीं म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असें फेब्रुवारी २०२४ मध्यें शाळांना कळविण्यांत आलें. सरकारनें मोठ्या खटपटीनें सकाळच्या बाजूनें दिलेले दोन तास रात्रीच्या बाजूनें बोलपटाला देऊन टाकावयाचे, हा व्यवहार मुलाच्या हिताचा खासच नव्हे. दुसऱ्या दिवशीं वर्गांत डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या कपाळीं मात्र आळशीपणाचा शिक्का बसतो.

एवढें झाल्यावर बंदी घालून मोकळें व्हावें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु बोईसर-तारापूरची वस्ती डोळ्यांपुढें आणली म्हणजे हात अडखळतो. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ मध्यें सुरू झालें. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसें पोटासाठीं येथें आलीं. त्यांचे आईबाप गांवीं राहिले. येथें एक खोली, नवराबायको आणि एक-दोन कच्चींबच्चीं. मूल सांभाळावयास आजी नाहीं. शेजारीण आहे, पण तिचीहि पाळी असते. कारखान्यांतील माणसाची पाळी दर आठवड्यास बदलते. पहाटेस जाणारा दुपारीं येऊन पडतो; दुपारीं जाणारा रात्रीं परततो. नवराबायकोस एकत्र मोकळीक मिळते ती सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं, आणि तीहि दर आठवड्यास नव्हे.

अशा घरांत बंदीची पाटी कोणास अडविते? बापास नव्हे. तो आपल्या सोबत्यांबरोबर खुशाल जाईल. मुलाला आंत घेत नाहींत म्हणून घरीं राहावें लागेल तें आईला. महिन्याकाठीं एकदां तीन तास चुलीपासून, नळावरच्या रांगेपासून आणि भिंतींपासून सुटण्याची तिला जी संधि मिळते, तीच नेमकी या नियमानें जाईल. मुलाच्या रक्षणार्थ केलेला नियम आईला घरांत कोंडूं लागला तर त्याच्या समर्थकांनीं थोडें थांबून विचार करावयास हवा. पैसे मोजून आलेल्या इतर प्रेक्षकांची रडण्याबद्दलची तक्रारहि खोटी नाहीं. मात्र बोलपट चालू असतां दूरध्वनीवर मोठ्यानें बोलणाऱ्या प्रौढांस जे मुकाट्यानें सोसतात, त्यांनीं तान्ह्यावर तेवढें डोळे वटारावे हें कांहीं शोभत नाहीं.

तेव्हां 'संध्याकाळ' हा शब्दच नियमांतून काढून टाकावा आणि खेळ संपण्याची वेळ धरावी, हें अधिक सयुक्तिक दिसतें. जर्मनींत असाच कायदा आहे. सहा वर्षांखालील मुलास तेथें आईबापांवांचून चित्रगृहांत जातां येत नाहीं. सहा वर्षांवरील मूल एकटें जाऊं शकतें, पण खेळ रात्रीं आठपर्यंत संपणारा असेल तरच. सोळा वर्षांखालील मुलांस हीच मर्यादा दहाची आहे. पालक बरोबर असले कीं वेळेची अट उरत नाहीं. आपल्याकडे एकटें मूल रात्रीं चित्रगृहांत क्वचितच जातें. येथील प्रश्न आईबापांसह जाणाऱ्या मुलाचा आहे. म्हणून जर्मनांचा नियम जसाच्या तसा उचलून भागणार नाहीं. पण खेळ सुरू केव्हां होतो यापेक्षां संपतो केव्हां याकडे पाहण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे. सहाला सुरू होणारा अडीच तासांचा खेळ मध्यंतर धरूनहि नऊच्या आंत संपतो. तो सर्वांस खुला असावा, कडेवरच्या मुलासहि. रात्रीं साडेनऊ-दहाला सुरू होणाऱ्या शेवटच्या खेळास मात्र सहा वर्षांखालील मूल घेऊं नये. तेवढी मर्यादा मालकांनीं आपण होऊन घातली तर कोणाचें मोठेंसें नुकसान होणार नाहीं.

मर्यादा घालावयाची तर बदल्यांत कांहीं दिलेंहि पाहिजे. तिरुवनंतपुरम् येथील सरकारी चित्रगृहसंकुलांत २०२२ मध्यें रडणाऱ्या मुलांसाठीं एक निराळी खोली करण्यांत आली. आंतला आवाज बाहेर जात नाहीं, पाळण्याची सोय आहे, आणि मुलाला जोजवीत आईला कांचेतून बोलपटहि पाहतां येतो. पालघरसारख्या ठिकाणच्या मालकास हा खर्च झेपेल कीं नाहीं याची शंकाच आहे. पण आठवड्यांतून एका दुपारीं ध्वनि कमी ठेवून, दिवे अर्धवट चालू ठेवून लेंकुरवाळ्यांसाठीं खेळ लावावयास भिंत बांधावी लागत नाहीं. रात्रपाळीचा कामगारहि दुपारीं झोंप झाल्यावर त्या खेळास बायकामुलांसह येऊं शकेल.

आणखी एक गोष्ट येथील लोहमार्गाशीं निगडित आहे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊं लागल्या खऱ्या; पण विरारच्या पुढें त्या विरळच. केळवे रोड, उमरोळी, वाणगांव येथून पालघर-बोईसरला बोलपटास आलेल्या कुटुंबाची शेवटची गाडी चुकली तर झोंपलेल्या मुलाला घेऊन फलाटावर बसण्यावांचून किंवा रिक्षावाल्याच्या तोंडाकडे पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून तिकिटावर खेळ सुरू होण्याची वेळ असते तशीच, तितक्याच ठळक अक्षरांत, संपण्याची वेळहि छापावी. आणि तिकिटाच्या खिडकीवर तीच वेळ मराठी, हिंदी व गुजराती या तिन्ही भाषांत लिहून लावावी, म्हणजे खिडकीशीं पैसे पुढें करण्यापूर्वींच आईला कडेवरच्या मुलाकडे आणि परतीच्या गाडीकडे पाहून ठरवितां येईल.