कापूस आपला, माप कोणाचं?



पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'जागतिकीकरण आणि कृषी पदवीधर'. त्यावर बोलतोच. पण फाटकातून आत आलो, प्रयोगशाळेच्या खिडक्या दिसल्या आणि जुने दिवस वर आले. याच अकोल्यात आमच्या सरांनी हातात रुईचा झुपका दिला होता. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. तंतू सरळ झाले की काळ्या मखमलीवर ठेवून पट्टी लावायची. लांबी आधी नजरेनं सांगायची, पट्टी नंतर, हा सरांचा दंडक. अठ्ठावीस मिलिमीटर की तीस, यावर मेसमध्ये जेवताना वाद चालायचे. तेव्हा आम्हाला गरम भाकर वाढणाऱ्या मावशी आज दुसऱ्या रांगेत बसल्यात. मावशी, नमस्कार करतो.

जागतिकीकरण 1991 साली आलं, असं पुस्तकात वाचता. वऱ्हाडात ते त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेचं उद्घाटन करायला आले. कशासाठी? गाठी लवकर मुंबईला आणि तिथून बोटीवर जाव्यात म्हणून. मूर्तिजापूरची आपली शकुंतला रेल्वेही कापसासाठीच धावली. माल आपला होता, प्रत ठरवणारे मात्र दुसरेच. मला छळतं ते हेच.

आज मशीन काही क्षणांत तंतूची लांबी, मजबुती, मायक्रोनेअर म्हणजे बारीकपणा सांगतं. पण एवढं ऐकाच: एक काम हाताला पक्कं बसू द्या. असं पक्कं, की परक्या देशातल्या खरेदीदारानं तुमच्या सहीवर माल उचलावा. कापसाची प्रत म्हणा, माती परीक्षण म्हणा, बियाण्याची उगवण म्हणा. पदवी हवीच, पण हात रिकामा ठेवून पदवी घेऊ नका.

जगात जाऊन आलेली आपलीच माणसं पाहा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला गेली आणि तिथं कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. त्यांच्याजवळ आखाड्यातला रोजचा घाम होता. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून एडिंबरो, ऑक्सफर्डला गेले, शिकून परत आले आणि 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढं देशाचे कृषिमंत्री झाले. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवू नका.

आता पालकांनो, तुमच्याशी. दर्यापूर, तेल्हाऱ्याहून सकाळी निघून आलात तुम्ही. दारात आलेला व्यापारी ढिगात हात घालतो, "ओलावा आहे" म्हणतो, भाव पाडतो, अन् आपण मान डोलावतो. यंदा त्या वेळी पोराला शेजारी उभं करा. पोरीलाही. ओलावा किती, ते तिला विचारा. तिला इथं शिकवलंय ते.

अन् प्राचार्य सर, एक मागणं आहे. कापूस निघायच्या दिवसांत रविवारी प्रयोगशाळा शेतकऱ्यांसाठी उघडी ठेवा. नमुना घेऊन येणाऱ्याला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मोजून द्यावं, खाली स्वतःची सही करावी. पहिल्या रविवारी मी येतो, मखमलीचा तुकडा सोबत आणतो.